जुन्या विहिरीतल्या ट्यूबा

निकिताचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटशी भांडत होते. सकाळची वेळ, गॅसवर चहा, आणि डोक्यावरची ट्यूब धड पेटेना, धड विझेना. गेला पंधरवडा तिचं हे असंच चाललं होतं. रविवारी भावोजी येऊन ती काढणार होते. आठवड्यापूर्वीच फोनवर म्हणाले होते, "मास्तरीण, आख्ख्या गोतावळ्यात ट्यूब फक्त तुज्या घरात राह्यली हाय. सायन्सची बाई म्हणवतेस, लाज वाटू दे जरा." मी म्हटलं होतं, "रविवारी या. कोलंबीचं कालवण करते. लाजही तेव्हाच वाटून घेईन." निकिता म्हणजे त्यांची सून. तिचा फोन सकाळी कधी येत नाही, कारण सकाळी तिला कंपनीची बस गाठायची असते. ती एवढंच म्हणाली, "मावशी, बाबा गेले..." आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे?"

हरेश्वरभावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. घिवलीच्या अलीकडे समुद्राला लागून त्यांची चिकूची आणि नारळाची वाडी आहे. त्या सकाळी ते वाडीला पाणी लावायला गेले, चिकूखाली बसले ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि सांगितलं, "नाही हो बाई, त्याचा काही संबंध नाही. चार वर्षांत तपासण्या झाल्यात त्यांच्या, सगळ्या नीट होत्या." मी त्यांच्यावर विश्वास ठेवला आहे. म्हणजे बहुतेक दिवस असतो. आज सहा आठवडे झाले. लोक मला म्हणाले, तुम्ही लिहिता, भावोजींवर लिहा. चांगला माणूस होता, गावाच्या उपयोगी पडला, असं लिहून मोकळी होऊ शकले असते. पण एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल मी जे लिहीन ते खोटं होईल, आणि त्यांच्या बाबतीत एकदा खोटं वागून झालं आहे माझं.

भावोजी वायरमन होते. वाडी वडिलार्जित, पण जीव अडकलेला पक्कड-टेस्टरमध्ये. आयटीआय करून आले आणि आमच्या त्या पट्ट्यातल्या चार-पाच आळ्यांची वीज त्यांनी आपली मानली. लग्नाचा मांडव असो, देवळाचा उत्सव असो, होळीच्या मैदानातली माळ असो, हरेश्वरला बोलवा. कुणाच्या घरी गेले की आधी उंबऱ्यात थांबून कान द्यायचे. ट्यूबचा चोक किणकिणतोय का, पंखा घरघरतोय का, ऐकायचे आणि मग पाणी मागायचे. ताई म्हणायची, "माज्या आवाजाकडे एवढा कान दिला असता त संसार झाला असता." ते हसून म्हणायचे, "तुजा आवाज बिघडलाच नाय कदी, मग काय ऐकणार?" असं त्यांचं चालायचं. मला त्यांनी लग्नात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी डी.एड.ला होते. तेव्हापासून मी त्यांची "मास्तरीण". पुढे मी बोईसरला शाळेत विज्ञान शिकवू लागले आणि त्यांना गावभर सांगायला विषय मिळाला. कुठल्याही शंकेला त्यांचं उत्तर ठरलेलं असे : "थांब, आमच्या मास्तरणीला विचारतो."

आता त्या विहिरीबद्दल सांगते. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. ताईच्या वाडीत दोन बावी. घराजवळची पिण्याची, आणि पलीकडे चाळीसएक पावलांवर एक जुनी, अर्धी बुजलेली, पाणी मचूळ झालं म्हणून कित्येक वर्षांपूर्वी सोडून दिलेली. अशा सोडलेल्या बावीचा आमच्या भागात एक उपयोग असतो. जे रस्त्यावर टाकू नये, ज्यावर पाय पडू नये, ते तिच्यात सोडायचं. निर्माल्य, तडकलेली मूर्ती, देवाच्या फोटोची फुटकी काच. आमची माणसं वाडीत अनवाणी वावरतात, मासळीवाल्या भल्या सकाळी अनवाणी झपझप चालत येतात, पालखीच्या वाटेवर तर चपलेचं नावच नाही. काच वाटेवर टाकणं हे आमच्याकडे पाप. आणि गेलेली ट्यूब म्हणजे चार फूट काच. लोक ती कुठेतरी कुंपणाशी टेकवून ठेवायचे, वाऱ्याने पडायची, फुटायची, आणि कुणाच्या तरी टाचेत जायची. भावोजींना हे सहन होईना. मग त्यांनी नियम केला : ज्या घरची ट्यूब बदलायची, त्या घरची जुनी ट्यूब आपण घेऊन जायची आणि आपल्या जुन्या बावीत सोडायची. शेजारच्या काशीबाय तर देवघरातली ट्यूब गेली की तिला हळदकुंकू लावून त्यांच्या हातात द्यायच्या. "देवापुढे जळली हाय रे बाबा, नीट सोड." आणि ते खरंच नीट सोडायचे, हात जोडून.

पण सोडायला लागण्याआधी त्यांनी विचारलं होतं. दिवाळीची सुट्टी होती, मी ताईकडे माहेरपणाला आले होते आणि पडवीत बसून सहामाहीचे पेपर तपासत होते. भावोजी एक गेलेली ट्यूब हातात घेऊन समोर उभे राहिले. "मास्तरीण, ही फुटली त काय होते? आतली पांढरी पावडर बाधते का? पाण्याबिण्यात गेली त?" मी मान वर केली नाही. लाल पेन हातात होतं आणि कुणीतरी प्रकाशसंश्लेषणाची वाट लावली होती, ती सावरण्यात मी गुंतले होते. मी म्हणाले, "काही नाही होत हो. खडूच्या भुकटीसारखं असतं ते. पायात काच नको जायला एवढं बघा, जुन्या विहिरीत टाकून द्या." "नक्की?" "नक्की." ते गेले. मी पुढचा पेपर ओढला.

मला माहीत नव्हतं असं नाही. हेच तर दुखणं आहे. ट्यूबमध्ये पाऱ्याची वाफ असते हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत होते. प्रयोगशाळेत थर्मामीटर फुटला की पोरं पाऱ्याच्या गोळ्या बोटाने ढकलत बसायची, तेव्हा मी त्यांच्या अंगावर ओरडून त्यांना बाहेर काढत होते. माहिती सगळी डोक्यात होती. फक्त समोरच्या माणसाने खरोखरीचा प्रश्न विचारला तेव्हा मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. अशी चूक विद्यार्थ्याने केली असती तर मी त्याला भोपळा दिला असता.

मग वर्षं गेली, पंधराच्या वर. ट्यूबांच्या जोडीला ते वळलेले सीएफएल दिवे आले, तेही गेले की बावीत. आणि मग एलईडी आले. सगळ्या गावांत आले तसे आमच्याकडेही, आधी रस्त्याच्या खांबांवर, मग देवळात, मग घराघरांत. आमच्या भागात एलईडी म्हटलं की कोळी माणसाच्या कपाळाला आठी पडते, कारण खोल समुद्रात एलईडीच्या झोतावर मासळी ओढून नेणाऱ्या बोटींनी त्याच्या जाळ्यात काही ठेवलं नाही. सातपाटीचे भावोजींचे एक दोस्त तर म्हणाले होते, "दर्या रिकामा केला त्या एलईडीने, आता माज्या घरात पण घुसवतोस?" भावोजींनी त्यांच्या ओटीवर बसून, त्यांचाच चहा पीत, तासभर समजूत काढली आणि जाताना बल्ब लावूनच आले. दिव्याचा दोष नाही, धरणाऱ्या हाताचा आहे, वगैरे बरंच काही बोलले म्हणे. मुद्दा असा की महिना-दोन महिन्यांत चार आळ्यांतल्या ट्यूबा आणि सीएफएल उतरले आणि सगळे भावोजींच्या पडवीत येऊन पडले. एरवी महिन्याला दोन-चार, आता ढीग. ते रोज थोड्या थोड्या नेऊन बावीत सोडू लागले.

निकिता तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. तारापूरच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करते ती, केमिस्ट्रीची पोरगी. डोहाळ्यांनी बेजार म्हणून त्या आठवड्यात रजेवर होती. दुपारी चिकूच्या सावलीत फेऱ्या घालत असताना तिला जुन्या बावीपाशी काच फुटल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर सासरे हात जोडून उभे. तिने आत वाकून पाहिलं. ती मला पुढे म्हणाली, "मावशी, तळाशी सगळं पांढरं होतं. शंखशिंपल्यांसारखं. मला आधी कळलंच नाही ते काय आहे. आणि कळलं तेव्हा माझे हात आपोआप पोटावर गेले."

ताईचा मला फोन आला, "तू आत्ताच्या आत्ता ये." मी मिळेल ती रिक्षा करून पोचले. पडवीत निकिता खुर्चीत बसली होती, चेहरा पांढराफटक. तिच्यापुढे पाण्याचा तांब्या भरलेला तसाच. भावोजी खाली, खांबाला टेकून. आणि ताई उभी. आमच्या घराण्यात राग आला की आम्ही बसत नाही. निकिता सावकाश सगळं सांगत होती, की ट्यूबमध्ये पारा असतो, एकीत अगदी थोडा, पण इथे शेकड्यांनी आहेत. तो संपत नाही, कुजत नाही. पिण्याची बाव इतकी जवळ, वाळूची जमीन. पोटातल्या बाळाच्या मेंदूला पारा सगळ्यात वाईट. "पाणी बिघडलंच असेल असं नाही म्हणत मी, बाबा. पण बिघडलं नसेल असंही मला आज सांगता येत नाही." पाच महिने ती त्याच बावीचं पाणी पीत होती.

ताई नवऱ्याकडे वळली. "कोणी सांगितला तुमाला बावीत टाकायला? कोणी शिकवला ह्या?"

मी दारात उभी होते. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच पाहिलं, पण त्यांना आठवतंय हे मला कळलं, आणि मला आठवतंय हे त्यांना कळलं. मग ते ताईला म्हणाले, "कोण कशाला सांगेल? माजीच अक्कल."

आणि मी मूग गिळून बसले. वीसेक वर्षं मुलांना "ज्याने केलं त्याने हात वर करा" म्हणणारी बाई मी, माझा हात काही वर झाला नाही. उलट मी आत जाऊन निकिताच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "होईल सगळं ठीक." ताई म्हणाली, "बघ तुजे भावोजी! बघ त्यांची करणी!"

निकिताने पाण्याचा नमुना बोईसरच्या एका प्रयोगशाळेत दिला. अहवालाला आठ दिवस लागणार होते. बावीच्या पंपाचं बटण भावोजींनी स्वतः काढून खिशात ठेवलं. आता पाणी बाहेरून आणायला हवं, आणि शेजारी विचारणार, स्वतःची बाव असताना आमच्याकडे हंडा का? ताईचं म्हणणं पडलं की मोटर जळली सांगायचं. भावोजी म्हणाले, "त्यांच्या पण बावी हायत. त्यांना नको कळायला?" आणि ते निघाले. भर दुपारी, एकटे, काशीबायपासून सुरुवात. मी मागून गेले, राहवेना म्हणून. काशीबायच्या अंगणात उभं राहून त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "काशीबाय, तुमी दिलेल्या ट्यूबा मी बावीत सोडल्या, त्यात वीख हाय. माजी चूक झाली. तपास होईपर्यंत तुमच्या बावीचा पाणी पिऊ नका." म्हातारी ओटीवर टेकली. मग म्हणाली, "मी हळदकुंकू लावून दिला होता रे..." तसंच ते पुढच्या घरी, मग त्याच्या पुढच्या. कुणी शिव्या घातल्या. एका घरात तरणी आई होती, तिने लेकराला उचलून घरात नेलं आणि दार लावून घेतलं. भावोजी बंद दारासमोर उभं राहून तेच सगळं बोलले, मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी कुंपणाशी उभी होते. हे सगळं माझ्या तोंडून जायला हवं होतं.

चौथ्या दिवशी बाव उपसायचं ठरलं. वैशाख संपत आलेला, तळाशी गुडघाभर गाळ आणि वर जेमतेम पाणी. पाऊस लागला की पाणी चढणार आणि जमिनीखालून वाट मिळेल तिथे पसरणार, म्हणून थांबायला सवड नव्हती. निकिताने कंपनीतल्या सेफ्टीच्या साहेबांना विचारून सगळं मांडून दिलं : पाऱ्याच्या वाफेला चालतो तसा मास्क, लांब हातमोजे, गमबूट. तुकडे कोरडे होऊ द्यायचे नाहीत, गाळासकट उचलायचे, झाडू लावायचा नाही, वर आणले की लगेच झाकणाच्या ड्रमात. बावी उपसायला दरवर्षी डोंगराकडचा नवश्या येतो. तो कमरेला दोर बांधून तयारच होता. भावोजींनी त्याची गाठ सोडली. "तू नाय. माजी घाण हाय, मीच काढणार. तू दोर धर." नवश्या म्हणाला, "बाबा, तुजा वय हाय का ह्या?" ते म्हणाले, "वय तुजा हाय, म्हणून तू वर थांब."

आधी पेटता कंदील खाली सोडून हवा पाहिली. मग ते उतरले. बासष्ट वर्षांचा माणूस, तोंडावर तो डुकराच्या नाकासारखा मास्क, दगडांच्या खोबणीत पाय रोवत. ताई घरातून बाहेर आली नाही. निकिताला आम्ही लांब ओटीवर बसवलं होतं, तिथून ती घड्याळ बघून ओरडायची आणि दर पंधरा मिनिटांनी नवश्या दोर हलवायचा, की ते वर यायचे. पाटी खाली जायची, पाटी वर यायची. गाळ, ट्यूबांच्या टोकांच्या टोप्या, वळलेल्या सीएफएलचे तुकडे, आणि मधेच एखादी आख्खी ट्यूब, जशीच्या तशी, एका टोकाला पुसटसा लाल डाग. तिसऱ्या खेपेला दोर हलवला तर खालून उत्तर आलं नाही. नवश्याने पुन्हा हलवला. "बाबा! ओ बाबा!" काही नाही... मी काठावर पालथी पडले आणि आत तोंड घालून ओरडले. काय ओरडले ते नवश्याने ऐकलं असणार. "भावोजी, मी सांगते ताईला! मी सांगते, वर या!" खाली अंधारात काहीतरी हललं. मग दोराला हिसका बसला. गाळात बूट रुतून ते आडवे पडले होते आणि मास्क निघू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसले होते, एवढंच झालं होतं. वर आल्यावर ते बांधावर बसले, मास्क काढला, घाम निथळत होता. नवश्या पाणी आणायला गेला. मी म्हणाले, "भावोजी, ते मी..."

"माहीत हाय मला. कान हायत मला, बावीत पण ऐकू येते." पण हसले नाहीत. "आता नको. तुजी बहीण आज माज्यावर रागावली हाय, तिला धरून बसायला एक माणूस पाहिजे. ती तू हायस. तुज्यावर पण रागावली त ती जाईल कोणाकडे? पाणी साफ निघू दे. मग सांग."

आठव्या दिवशी अहवाल आला. पिण्याच्या बावीचं पाणी चांगलं होतं. निकिता कागद तीनदा वाचून मग रडली. पावसाळ्यानंतर तिने पुन्हा तपासून घेतलं, शेजारच्यांचंही, तेही चांगलं निघालं. ड्रम न्यायला घातक कचरा उचलणाऱ्यांचा ट्रक आला, तेव्हा ड्रायव्हर भावोजींना म्हणाला, "चाचा, इतना सँभाल के तो कंपनीवाले भी नहीं देते." भावोजींनी प्रत्येक झाकण पुन्हा एकदा पिळून पाहिलं. गणपतीच्या सुमारास निकिताला मुलगी झाली. पहिले काही महिने ताई त्या पोरीच्या डोळ्यांपुढे बोट फिरवून बघायची, कानाशी टाळी वाजवून बघायची. पोर खणखणीत होती, आहे. आता ती सगळ्यांना प्रश्न विचारून हैराण करते.

पाणी साफ निघालं. "मग सांग" मधलं ते "मग" आलं होतं. मी सांगितलं नाही. बारसं होऊ दे म्हटलं. बारशाला ताई भरल्या बायकांत पाळण्याशी म्हणाली, "हिच्या आजोबांनी हिला जन्माआधीच वीख पाजायचा बेत केला होता," आणि बायका हसल्या, कारण आता हसण्यासारखं झालं होतं. भावोजीही हसले. मी घुगऱ्या खात होते. मग ते ताईच्या तोंडी बसलंच. मीठ जास्त झालं की, "घाला, वीख घालणाऱ्याला मिठाचा काय!" कुणी पाहुणा पाणी मागे, तर, "घ्या, तपासलेला हाय, ह्यांच्यावर जाऊ नका." चार वर्षं. ते एकदाही उलटून बोलले नाहीत, आणि मला एकदाही आठवण करून दिली नाही. मी तिथे असले तर मात्र ते विषय बदलायचे. मला वाचवायला. हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यांनी काय केलं, तर एक पाइप केला. जाड पीव्हीसीचा, पाच फुटी, दोन्ही बाजूंना फिरकीची झाकणं, आत जुन्या गोधडीचं अस्तर, खांद्याला अडकवायला पट्टा. कुणाची ट्यूब गेली की ती त्यात जायची आणि पाइप भरला की ते एस.टी.ने बोईसरला एका केंद्रावर नेऊन द्यायचे, जिथे असा कचरा घेतात. लोक म्हणायचे, हरेश्वर बंदूक घेऊन निघाला. चार आळ्यांत आता बहुतेक एलईडीच आहेत, पण कोपऱ्यातल्या ट्यूबा अजून निघतात, गोठ्यातल्या, माळ्यावरच्या. ज्या काशीबायला सगळ्यात आधी सांगितलं, तिनेच सगळ्यात आधी ट्यूब आणून दिली. हळदकुंकू लावून. घरोघर जाऊन स्वतःची चूक सांगणाऱ्या माणसावर गावाने विश्वास ठेवला. घरात मात्र तो वीख घालणारा राहिला, आणि तो माझ्यामुळे.

गेल्या आठवड्यात मी ताईकडे गेले. हा लेख इथपर्यंत लिहून झाला होता. ज्या वर्तमानपत्रात तो येणार त्याची पुरवणी ताई रविवारी सकाळी पहिल्या पानापासून वाचते, तेव्हा छापून येण्याआधी तिला तोंडावर सांगणं भाग होतं. पडवीत ती जिथे बसायची तिथेच बसली होती, खांबाशी भावोजींची जागा मोकळी. मी उभं राहून सांगितलं. दिवाळीची सुट्टी, पेपर, लाल पेन, "नक्की?", "नक्की". बावीच्या काठावर काय बोलणं झालं तेही. ती ऐकत राहिली. नात येऊन मांडीवर बसली, उठून गेली. मग ताई म्हणाली, "चार वर्षा मी त्यांना टोचत राह्यले..." मग माझ्याकडे पाहून, "आन तू समोर बसून जेवत होतीस."

ती उठली. मला वाटलं आत जाऊन दार लावून घेईल. ती भिंतीपाशी गेली आणि खुंटीवरचा पाइप काढला. त्याच्यावरची धूळ पदराने पुसली, माझ्या हातात दिला. "चार ट्यूबा आल्यात. लोकांना कोण सांगणार तो नाय म्हणून, ते आणून ठेवतात." पहिल्यांदाच तिने त्यांना एकेरीत म्हटलं. "नेऊन दे. पुढल्या महिन्यात परत ये, आणखी असतील." मला क्षमा केली असं ती म्हणाली नाही, आणि मी मागितलीही नाही. चहा मात्र दिला.

एस.टी.त मला खिडकीची जागा मिळाली. पाइप गुडघ्यांमध्ये उभा धरला, दोन्ही हातांनी. वजन काहीच नव्हतं. गाडी खड्ड्यात आदळली की आत गोधडीवर काचा हलकेच सरकल्याचं जाणवायचं. घरी गेल्यावर माझी स्वयंपाकघरातली ट्यूब उतरवून ह्यातच घालायची होती. शेजारी रिकामी पाटी मांडीवर घेऊन एक मासळीवाली बसली होती, बाजार आटपून निघालेली. थोडा वेळ ती पाइपाकडे बघत राहिली.

"बाय, काय हाय ह्यात?"

"ट्यूबलाइट. गेलेल्या."

"असा गोधडीत घालून नेतेस? फुटली त काय होते?"

माझ्या हातात फोन होता, कुणाचा तरी मेसेज अर्धा लिहिला होता. मी फोन पर्समध्ये ठेवला, चेन लावली, तिच्याकडे वळून बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.